नृत्य आणि केशबंध

स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत दोन याद्या तयार होतात. एक वेषभूषेची आणि दुसरी खर्चाची. लुगडी कोणाकडून आणायची, घुंगरू किती जोड्या लागतील, रंगपटाचे पैसे कोण देणार, या साऱ्याचा खल आठ-आठ दिवस चालतो. केसांचा विचार मात्र पडदा उघडण्याच्या अर्धा तास आधी होतो. मग एकाच फणीसाठी पाचजणी हात पुढे करतात, आकडे पुरत नाहीत आणि दुसऱ्या कडव्याला एखादीची वेणी सुटून तोंडावर येते. मुलगी बिचारी एका हाताने मुद्रा करते व दुसऱ्या हाताने केस सावरते. प्रेक्षक हसतात. महिना-महिना केलेली तालीम त्या एका आकड्यापायी वाया जाते. म्हणून प्रस्तुत लेखात नर्तकीच्या केशबंधाचा थोडा अभ्यास करावा, असे आम्ही योजिले आहे.

हा विषय क्षुल्लक नव्हे. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. वेष, अलंकार, रंग, केश ही सारी आहार्याची सामग्री होय. नाट्यशास्त्रात तर कोणत्या प्रदेशातील स्त्री रंगभूमीवर कोणत्या केशरचनेने दाखवावी, याचाही निर्देश आहे. अवंतीच्या युवतींचे केस कुरळे दाखवावेत, आभीर स्त्रियांना दोन वेण्या असाव्यात, इत्यादी. म्हणजे पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचे डोके काही तरी बोलून गेलेले असते. प्रियकर दूर देशी असलेल्या स्त्रीने एकच वेणी धारण करावी, हा संकेतही जुना आहे. मेघदूतातील यक्षाची पत्नी अशीच एकवेणी आहे. भट्टनारायणाच्या नाटकाचे तर नावच ‘वेणीसंहार’. द्रौपदीचे मोकळे केस हेच त्या नाटकाचे बीज आणि ते पुन्हा बांधले जाणे हाच त्याचा शेवट.

असो. केस का बांधावयाचे, याचे एक साधे शास्त्रीय कारण आधी पाहू. आमच्या पेडणे-डिचोलीच्या मुलींना ते पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही, कारण फुगडी घालताना त्यांनी ते अंगावर अनुभवलेले असते. गरगर फिरू लागले की वेणी पाठीवर राहत नाही. ती आडवी होऊन बाहेर फेकली जाते. समजा, एखादी मुलगी जागच्या जागी सेकंदाला एक अशी गिरकी घेत आहे आणि तिच्या वेणीचे टोक फिरण्याच्या आसापासून 40 सेंटिमीटर दूर आहे. त्या टोकाची गती सेकंदाला सुमारे अडीच मीटर होते आणि त्याला बाहेर ओढणारा जोर त्या टोकाच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक भरतो. तेच केस अंबाडा करून आसापासून 10 सेंटिमीटरवर बांधले तर हा जोर वजनाच्या निम्म्याहूनही कमी होतो. गिरकीचा वेग दुप्पट केला की जोर चौपट होतो, हे दहावीच्या विद्यार्थ्यांनी गणित मांडून पाहावे. फुगडीत तर आस दोन मुलींच्या मधोमध असतो, डोके मुळातच त्याच्यापासून दूर असते. मग वेणीची काय कथा! तिच्या तडाख्याने शेजारणीच्या डोळ्याला इजा होऊ शकते. धालोच्या संथ, दोन रांगांच्या नाचात हे भय नाही. म्हणूनच त्यात वेणी सोडून त्यावर फुले माळली तरी शोभते.

युरोपातील बॅले या नृत्यप्रकारात अंबाड्याचे महत्त्व एवढे का, हे आता सहज ध्यानी येईल. त्या नृत्यात एका पायाच्या चवड्यावर उभे राहून एकामागून एक गिरक्या घ्यावयाच्या असतात. चक्कर येऊ नये म्हणून नर्तकी नजर समोरच्या एका बिंदूवर रोखून धरते. शरीर फिरू लागते तरी डोके मागे राहते आणि शेवटच्या क्षणी झटक्यासरशी फिरून शरीराच्या आधी पुन्हा त्याच बिंदूवर येते. अशा झटक्यात केस सुटे असतील तर ते डोळ्यांवर येणार आणि तो बिंदूच दिसेनासा होणार. शिवाय सहनर्तक तिला उचलून धरतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वेणी आदळून चालत नाही. आणखी एक कारण सौंदर्याचे. मानेपासून खांद्यापर्यंतची रेषा स्वच्छ दिसावी, हा त्या कलेचा मोठा आग्रह आहे. मानेवर केसांचा पुंजका असला की ती रेषा तुटते.

पण तेथेही केशबंध एकच नव्हे. 1832 साली पॅरिसमध्ये मारी तालिओनी हिने ‘ला सिल्फीद’ केले आणि 1841 साली त्याच नगरीत ‘जिझेल’ रंगभूमीवर आले. त्या काळच्या बॅलेत मधोमध भांग, कानांवरून उतरणारे गुळगुळीत केस आणि मानेजवळ खाली बसविलेला अंबाडा अशी पद्धत रूढ आहे. पुढच्या काळातील राजकन्यांच्या भूमिकांना मात्र अंबाडा वर, टाळूच्या मागच्या उतारावर बांधतात, म्हणजे मुकुट बसतो. ‘जिझेल’च्या पहिल्या अंकाच्या शेवटी प्रियकराचे कपट उघडकीस येऊन नायिकेला वेड लागते, आणि त्या प्रसंगात तिचे केस मोकळे सुटतात. आता विचार करा, अंकभर नाचूनही न सुटणारे पण नेमक्या क्षणी एका हाताच्या ओढीने सुटणारे केस बांधावयाचे म्हणजे बांधणाऱ्याचे कौशल्य किती! द्रौपदी आणि जिझेल यांच्या कथांत कोठेच साम्य नाही. तरी दुखावलेल्या स्त्रीचे मन दाखविण्यासाठी दोन्ही देशांना मोकळ्या केसांचीच आठवण झाली, हे आम्हाला विलक्षण वाटते.

या दोन नृत्यपरंपरांची गाठ इतिहासातही पडलेली आहे. सुप्रसिद्ध रशियन नर्तकी आना पावलोव्हा 1922 च्या सुमारास हिंदुस्थानात आली होती. पुढे 1923 साली तिने लंडनमध्ये भारतीय विषयांवरील नृत्ये बसविली आणि ‘राधा-कृष्ण’ या नृत्यात तरुण उदयशंकर तिच्याबरोबर नाचले. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना बॅले शिकावासा वाटला, तेव्हा याच पावलोव्हाने त्यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. रुक्मिणीदेवींनी 1935 साली मद्रासेत भरतनाट्याचा जाहीर प्रयोग केला आणि 1936 साली ‘कलाक्षेत्र’ स्थापन केले.

भरतनाट्यात केसांची लांब वेणी हाच मुख्य अलंकार. डोक्याच्या मागे गोल राकोडी, भांगाच्या एका बाजूस सूर्य व दुसऱ्या बाजूस चंद्र, कपाळावर माथापट्टी, अंबाड्याभोवती फुलांचे अर्धवर्तुळ आणि वेणीच्या टोकाला गोंड्यांचा झुबका. मघाशी आम्ही वेणी बाहेर फेकली जाते म्हणालो. मग येथे ती कशी चालते, असे कोणी विचारील. उत्तर असे की, या नृत्यात सलग वेगवान गिरक्या थोड्या, आणि नर्तकी अर्धमंडलात बसून पदन्यास करते तेव्हा वेणी पाठीच्या कण्यावर लंबकासारखी पडून राहते. गोंड्यांचे वजन तिला खाली धरते. तरीही जाणत्या नर्तकी वेणीचा मध्यभाग कंबरपट्ट्याखाली अडकवून घेतात. मोहिनीआट्टमची नर्तकी डोक्याच्या डाव्या बाजूस अंबाडा बांधून त्याभोवती मोगऱ्याची माळ गुंडाळते, तर ओडिसीत अंबाड्यावर पांढऱ्या भेंडाचा मुकुट येतो. प्रत्येक बंध त्या त्या चालीला साजेसा आहे.

मराठी वाचकांनी एवढे अवश्य लक्षात ठेवावे की, भरतनाट्याला आज जो मेळ आहे, अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंतचा, तो घडविणारे चार बंधू तंजावरच्या मराठी राजदरबारी होते. दुसरे सरफोजी राजे यांनी (राज्यकाल 1798 ते 1832) या नृत्यासाठी मराठी भाषेत ‘निरूपणे’ रचली आणि आचार्य पार्वतीकुमार यांनी विसाव्या शतकात ती अभ्यासून पुन्हा प्रकाशात आणली. तेव्हा हे नृत्य दूर दक्षिणेचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणण्याचे कारण नाही.

आता आपल्या घराकडे वळू. गोमंतकात डोक्यात फुले माळणे हा स्त्रियांचा नित्याचा आनंद. आमच्या कोंकणीत फणीला दांतोणी म्हणतात, अंबाड्याला खोंपो म्हणतात आणि अबोलीच्या गुंफलेल्या माळेला फाती. पण फुले माळून चारचौघांत नाचणे ही गोष्ट वेगळी होती. देवळांशी जोडलेल्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या गायन आणि नर्तन जतन केले. समाजाने त्यांची कला मांडवात बसून ऐकली-पाहिली आणि घरी आल्यावर त्यांना नावे ठेवली. याच समाजातून केसरबाई केरकर (1892–1977) आणि मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) यांच्यासारखी रत्ने निघाली, तेव्हा कोठे लोकांची जीभ थोडी आवरली. आमच्या आजीच्या पिढीत ‘नाचणारीसारखी फुले माळू नकोस’ असे लेकीबाळींना दटावण्याची रीत होती. आज डिचोलीतील शेतकऱ्याची मुलगी आणि पेडण्यातील दुकानदाराची मुलगी एकाच आरशासमोर बसून एकमेकींच्या डोक्यात अबोली माळतात आणि मग आईवडिलांसमोर रंगमंचावर जातात. त्यांना ही गोष्ट मुळीच विशेष वाटत नाही. आम्हाला मात्र ती वाटते.

स्त्रियांना रंगभूमी बंद होती तेव्हा त्यांचे केसही पुरुषांनीच वाहिले. बालगंधर्वांची (1888–1967) गजऱ्याची व लुगड्याची तऱ्हा पाहून घरंदाज स्त्रिया तिचे अनुकरण करीत, असे जुनी मंडळी सांगत. आमच्या बाजूस दशावतारात आजही स्त्रीपात्र पुरुषच करतो. कार्तिकानंतर जत्रांचे दिवस सुरू झाले की पेडण्यापासून सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत हे दहीकाले रंगतात. रात्री देवळाच्या आवारात, स्वतःच्या पेटाऱ्यासमोर बसून नट आपले तोंड आपणच रंगवितो, टोप चढवितो, अंबाडा बसवितो, त्यावर फुले खोवतो. मघापर्यंत विडी ओढीत बसलेला मिशी तासलेला गृहस्थ पाहता पाहता तारामती होतो. तो आरशात पाहून प्रथम मान फिरवून बघतो. अंबाडा हलत नाही ना, याची ती परीक्षा असते. आमच्या मुलींनी ती जरूर उचलावी. केस बांधून झाले की डोके जोराने उजवीकडे-डावीकडे फिरवावे, दोन उड्या माराव्यात. जे सुटायचे ते तेथेच सुटू द्यावे.

प्रत्यक्ष बांधणीविषयी चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. केस कार्यक्रमाच्या दिवशी धुऊ नयेत. ताजे धुतलेले केस निसरडे असतात, त्यांत आकडा टिकत नाही. आदल्या दिवशी धुवावेत. तेलही बेताने. खोबरेल केसाच्या आत मुरते व केसाला जपते हे खरे, पण दिव्यांच्या उष्म्याने ते कपाळावर उतरले की रंग ओघळतो. विंचरताना टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जावे. केस थोडे ओले करून घ्यावेत. ओल्या केसातील सूक्ष्म बंध सैल होतात आणि सुकताना ज्या आकारात केस असेल त्या आकारात पुन्हा जुळतात, म्हणून ओलसर बसविलेला केस सुकल्यावर जागचा हलत नाही. मात्र ओला केस अधिक ताणतो व लवकर तुटतो, यास्तव हात हलका असावा. बाजारातला लेप नको असेल तर जवस पाण्यात उकळून गाळलेला चिकट रस तेच काम करतो, आणि तो पाण्याने धुऊन निघतो.

अंबाड्याची जागा ठरविण्याची एक सोपी युक्ती आहे. हनुवटीपासून कानाच्या वरच्या टोकावरून मागे एक तिरकी रेषा कल्पावी. ती डोक्याच्या मागे जेथे पोचेल तेथे शेपटा बांधावा. शेपट्याला एकाच दिशेने पीळ देत जावे आणि पीळ पडला की तो मुळाभोवती चपटा गुंडाळावा, चकलीसारखा. उंच मनोरा करू नये. आकडा खोचताना आधी तो अंबाड्याच्या कडेचे थोडे केस धरून बाहेरच्या दिशेने उभा धरावा आणि मग उलटा वळवून डोक्यालगत अंबाड्याच्या पोटात सरकवावा. याने तो कुलपासारखा बसतो. नुसता सरळ खुपसलेला आकडा पहिल्या उडीला बाहेर येतो. चार दिशांना चार आकडे आधी लावावेत, उरलेले मधल्या जागी. मग केसांच्याच रंगाची जाळी. मुली वीस-वीस आकडे खुपसतात. नीट लावलेले आठ-दहा पुरतात.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. एका संमेलनात एका मुलीला तिचे केस आखूड आहेत एवढ्याच कारणाने समूहनृत्यातून वगळल्याचे आम्ही पाहिले. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. ती मुलगी नाचत चांगली होती. तापातून उठल्यामुळे तिचे केस कापावे लागले होते. तिने तक्रार केली नाही, पण प्रयोगाच्या वेळी पडद्याच्या दोऱ्या ओढण्याचे काम तिने मागून घेतले आणि प्रत्येक हालचाल तेथेच उभी राहून हाताने केली. अशा मुलीसाठी उपाय अगदी सोपे आहेत. जुन्या पायमोज्याचा पंजा कापून उरलेली नळी गुंडाळीत गेले की वाटोळी चुंबळ तयार होते; शेपट्याचे केस वीतभर असले तरी त्या चुंबळीभोवती पसरून जाळीत बसतात व अंबाडा भरदार दिसतो. वेणीच हवी असेल तर गंगावन आहेच. पण गंगावन वेणीच्या टोकाला बांधू नये. मुळाशी अडकवून पहिल्या पेडापासून आपल्या केसांबरोबर गुंफावे, म्हणजे ओढ सगळ्या केसांवर सारखी पडते. केस बांधण्याइतकेही नसतील तर ते पाण्याने मागे बसवून फुलांची फाती कानामागून कानामागे बांधावी. मागून पाहणाऱ्यालाही संशय येत नाही. गंगावने आणि टोप मात्र एकीच्या डोक्यावरून काढून लगेच दुसरीच्या डोक्यावर घालू नयेत. उवांना नृत्याची आवड नसली तरी प्रवासाची असते.

फुलांविषयी थोडे. अबोलीला वास नाही म्हणून शहरातील लोक नाक मुरडतात. पण केळीच्या सोपाच्या ओलसर दोरात गुंफलेली अबोली रात्रभर टवटवीत राहते आणि वजनाला नगण्य, म्हणून नाचासाठी तिच्यासारखे फूल नाही. मोगरा सुंदर, परंतु दिव्याखाली लवकर पिवळा पडतो. शिरगावच्या लईराईला वाहतात तसा कळ्यांचाच मोगरा घ्यावा, तो रंगमंचावरच उमलतो. सुरंगीचा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही, पण तिचा हंगाम शिमग्याच्या आसपासचा. डिसेंबरातल्या संमेलनाला सुरंगी मागणाऱ्या विद्यार्थिनींनी वनस्पतिशास्त्राचे पुस्तक पुन्हा चाळावे. शेवंतीची जाड वेणी दिसते भारदस्त, तथापि ओली असताना ती एवढी जड होते की लहान मुलीची मान अवघडते.

शेवटी दुखण्याची गोष्ट. केस इतके घट्ट ओढावे की भुवया वर जाव्यात, असा काही आयांचा समज असतो. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे स्वाभाविक आहे. त्याने भिऊ नये. परंतु रोज एकाच जागी घट्ट ओढ दिली तर कपाळावरचे व कानशिलाजवळचे केस विरळ होऊ लागतात, आणि हे वर्षानुवर्षे चालले तर तेथील मुळेच मरतात. मग तेथे केस पुन्हा येत नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा चालू असलेले नुकसानही भरून यायला कित्येक महिने लागतात. मुलगी ‘दुखते’ म्हणाली तर ते नखरे नव्हेत. आकडे काढून पुन्हा बांधावे. रोजच्या तालमीला साधा सैल अंबाडा पुरे, त्याची जागाही अधूनमधून बदलावी. घट्ट बांधणी प्रयोगापुरती.

प्रयोग संपल्यावर घाईने जाळी ओढून काढू नये. आधी फुले, मग आकडे एक एक, मग जाळी, आणि सर्वांत शेवटी आगवळ सोडावा. केसांत लेप सुकून कडक झाला असेल तर तो फणीने खरवडू नये. कोमट पाण्याने भिजवावा, बोटांनी सोडवावा. रात्र मोकळ्या केसांनी झोपावे. आकडे मात्र मोजून घ्यावेत. दहा लावले असतील तर दहा परत आले पाहिजेत. अकरावा सापडला तर तो शेजारणीचा, तो सकाळी तिला नेऊन द्यावा.